पान उलटायला लागतो तेवढा वेळ

डिसेंबरच्या गारठ्यात, सकाळी सकाळी कळमन्याच्या बाजारात यायची हर्षाला मुळीच हौस नव्हती. वंदना मावशीने तिला पांघरुणातून अक्षरशः ओढून काढलं होतं. मावशी महाल भागातल्या घरी संत्र्याचं सरबत आणि मुरंबा करून विकायची, आणि फळ स्वतःच्या हाताने चाचपल्याशिवाय घ्यायचं नाही हा तिचा बाणा. हर्षाने फक्त मागे पिशव्या धरून उभं राहायचं आणि मावशी म्हणेल त्याला मान डोलवायची.

लिलाव नुकताच आटोपला होता. हवेत संत्र्यांचा आंबटगोड वास दाटला होता, पायांखाली सालींचा चिखल होता. मावशी एका ढिगाशी हुज्जत घालत होती, हर्षा जांभई देत होती... आणि पाठीमागून तो आवाज आला.

"खाय बाई, खाय... घाई काहून करतं?"

हर्षाची जांभई अर्ध्यावर राहिली. हातातली पिशवी गळून पडली.

हा आवाज! वर्षभर रोज संध्याकाळी हेडफोनमधून कानात शिरणारा, तिच्यासोबत बसमधून घरी येणारा आवाज! घुबडआबांचा!

आता हे घुबडआबा कोण, ते सांगायला हवं. हर्षा दिवसा बालवाडीत पोरं सांभाळायची आणि संध्याकाळी एका छोट्या स्टुडिओत कार्टूनला आवाज द्यायची. 'निंबावरची वस्ती' या मालिकेतली बिट्टी नावाची चुणचुणीत खार म्हणजे हर्षा. त्याच कडुनिंबाच्या ढोलीत एक म्हातारं घुबड राहायचं. अपशकुनी म्हणून बाकीची पाखरं त्याच्या वाटेला जात नसत. बिट्टी मात्र जायची. त्याच्या डोक्यावर चढायची, नाही नाही ते प्रश्न विचारायची. पोरं बघायची ती हसण्यासाठी, पण आया पदराने डोळे पुसायच्या ते या दोघांमुळे.

गंमत अशी, की बिट्टी आणि घुबडआबा एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. या कामात आधी आवाज भरतात आणि तो ऐकत ऐकत मग चित्रं काढतात. ज्याने त्याने आपल्या सवडीने यायचं, काचेमागच्या खोलीत एकट्याने बोलायचं आणि जायचं. आबांचं बोलणं दुपारीच भरून झालेलं असायचं. हर्षा संध्याकाळी पोचायची तेव्हा ते घरी गेलेले असायचे, आवाज तेवढा मागे ठेवून.

आणि एका भागात त्या आवाजाने तिची दांडीच उडवली होती. बिट्टी विचारते, "आबा, तुमचं कोणीच नाही का जी?" त्यावर आबा गप्प. काहीच नाही... नुसता श्वास. आणि मग, "हाये ना. तू हायेस."

त्या गप्प बसण्यात काय होतं? हर्षाला राहून राहून वाटायचं, कोणीतरी आयुष्यभराचं एकटेपण हातात घेऊन पाहिलं आणि मग बाजूला ठेवलं. तेव्हापासून तिला कोणाचं बोलणं रुचेना. बघायला आलेल्या मुलांची तर पंचाईतच झाली.

"पोरगा शिकलेला, पुण्याले नोकरी, घर चांगलं. अडचण काय हाये तुझी?" मावशी कालच कडाडली होती.

"मावशी, माझा प्रश्न संपायच्या आधीच त्याचं उत्तर तयार असते."

"मंग काय घुबडाशी लग्न करतं?"

हर्षा यावर हसली होती. आबा सत्तरीचे तरी असतील, असं तिचं ठाम मत होतं. म्हणून तर तिने साउंडवाल्या अंकुशच्या हाती त्यांच्यासाठी ज्येष्ठमध पाठवलं होतं, थंडी पडल्यावर तपकिरी मफलरही विणून पाठवला होता.

तोच मफलर आता तिच्यासमोर होता! विणताना मधे एक ओळ चुकलेली, ती चूकसुद्धा तिला ओळखू आली. मफलरमध्ये सत्तरीचे आजोबा नव्हते. एक उंच, सावळा, दाढीचे खुंट वाढलेला तरुण होता, आणि तो एका गाईला संत्र्याच्या साली भरवत होता.

"आबा!" हर्षा ओरडली. सवयीने, बिट्टीच्या आवाजात.

तो दचकला. गर्रकन वळला आणि खाली बघू लागला. उजवीकडे, डावीकडे, ढिगांच्या मागे, सगळं कमरेच्या उंचीवर.

"बिट्टी? कुठी हायेस वं? कोणासंग आली?"

"इथे... वर बघा."

त्याने वर पाहिलं. हर्षाने आपला टपोऱ्या डोळ्यांचा, सव्वीस वर्षांचा चेहरा जमेल तितका गंभीर ठेवला.

"तुम्ही?" त्याच्या हातातली साल गाईने ओढून घेतली, तेही त्याला कळलं नाही. "पण बिट्टी तर... पाचवीतली पोरगी हाये ना?"

"आणि आबा रिटायर झालेले असतात ना?"

 मग त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "अरे देवा... म्हणजे मी पाठवलेली ती संत्राबर्फी, 'अभ्यास कर, टीव्ही कमी पाहाय' असा निरोप..."

"ती बर्फी मी खाल्ली. अभ्यास नाही केला."

तो असा खळखळून हसला, की मावशीने भाव करणं सोडून मागे वळून पाहिलं.

त्याचं नाव प्रेमानंद. मामाच्या अडतीवर तो लिलाव पुकारायचा. बोली पुकारून पुकारून घसा असा काही खरखरीत झाला होता, की एकदा संत्री न्यायला आलेल्या वैदेही मॅडमनी, म्हणजे मालिकेच्या दिग्दर्शिकेने, तो ऐकला आणि म्हातारं घुबड सापडलं म्हणून टाळीच वाजवली. हे सगळं त्याने चहाच्या टपरीवर सांगितलं. अंकुशला दोघांचे गैरसमज पक्के ठाऊक होते. पठ्ठ्याने इकडची बर्फी तिकडे, तिकडचा मफलर इकडे केला आणि वर्षभर मनातल्या मनात हसत बसला.

"एक विचारू?" हर्षाने ग्लास दोन्ही हातांत धरला. इतके दिवस सांभाळलेला प्रश्न होता. "तो भाग... 'तुमचं कोणीच नाही का' वाला. उत्तर द्यायच्या आधी तुम्ही किती थांबलात! काय होतं तुमच्या मनात?"

प्रेमानंदने आठवून पाहिलं. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "पान उलटून राह्यलो होतो जी."

"काय?"

"माझी ओळ पुढच्या पानावर होती. पान चिकटलं होतं."

हर्षा हसली. हसावंच लागलं. पण घरी येईपर्यंत तिला रडू यायला लागलं. एका चिकटलेल्या पानासाठी तिने पुण्याच्या मुलाला ताटकळत ठेवलं होतं! त्या थांबण्यातली ऊब माणसाची होती, की कागदाची? एवढं एकच कळायला हवं होतं, आणि ते विचारायचं कोणाला?

प्रेमानंदला विचारायचं तर आधी त्याच्याशी बोलायला हवं. मग ती बोलू लागली... आणि थांबवेना. तो बाजारातून सुटला की फोन करायचा. आज गाईने काय खाल्लं, कुहीच्या एका शेतकऱ्याने भाव चांगला आला म्हणून त्याच्या खिशात कशी बोरं कोंबली, असलं काहीबाही सांगायचा. बोलता बोलता पुण्याच्या स्थळाचंही तिच्या तोंडून निघून गेलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही आठवत नाही.

शेवटच्या भागासाठी पितळेची छोटी घंटा हवी होती. अंकुशने मुद्दाम दोघांनाच इतवारीच्या बाजारात पिटाळलं. भांड्यांच्या गल्लीत हातगाड्या चुकवत, टेम्पोवाल्यांच्या शिव्या खात दोघं दुकानामागून दुकान घंट्या वाजवत फिरले. प्रेमानंद प्रत्येक घंटा कानाशी धरायचा, डोळे मिटायचा.

"ही नाही. ही देवळातली वाटते."

"आणि ही?"

"ही बकरीची." त्याने डोळे उघडले. "बिट्टी दुसऱ्या झाडावर राहाले जाते, म्हणून ही ढोलीशी बांधते. वारा आला की आबाले वाटलं पाहिजे, पोरगीच बोलून राह्यली. तशी पाहिजे."

हर्षाने कोपऱ्यातली एक काळवंडलेली घंटा उचलून हलवली. आवाज बारीक, किंचित किनरा होता. तो ऐकतच राहिला, आणि मग घंटेकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाला, "हीच."

"प्रेमानंद, तू मला ओळखत नव्हतास तेव्हा... ते सगळं कोणाशी बोलायचास?"

"पोरीशी. अंकुशले आधी मागच्या भागातलं तुझं बोलणं लावाले सांगायचो. ते ऐकून मंग बोलायचो." तो घुटमळला. "आता लावाले सांगत नाही."

"काहून?"

"दादा, या घंटेचं काय घेता?" त्याने दुकानदारालाच गाठलं. हर्षाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

शेवटच्या भागाच्या दिवशी ती स्टुडिओत पोचली, तर प्रेमानंद अजून तिथेच! काचेमागे डोकं धरून बसलेला. वैदेही मॅडम वैतागून येरझारा घालत होत्या.

"बरं झालं आलीस. आबा बिघडलेत. दुपारपासून एक वाक्य धड निघत नाही. तूच ऐक."

हर्षाने हेडफोन लावले. अंकुशने बिट्टीचं वाक्य सपाट आवाजात वाचलं होतं, "आबा, मी गेल्यावर तुम्ही कोणाशी बोलाल जी?" आणि त्यावर आबांचं उत्तर... पण ते आबांचं नव्हतंच. खरखर होती, शब्द तेच होते, पण बोलणारा पंचविशीतला होता. घाबरलेला, अडखळणारा. नातीला निरोप देणाऱ्या आजोबाच्या तोंडी असं बोलणं शोभणारं नव्हतं. हर्षाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"यातले आजोबा कुठे गेले, सांग मला," मॅडम म्हणाल्या.

अंकुशने मान खाली घालून बटणं पुसायला घेतली. त्याचे खांदे हलत होते.

हर्षा काचेमागच्या खोलीत शिरली. दुसरा माइक ओढला, प्रेमानंदसमोर उभी राहिली.

"दोघांचं एकत्र घ्या मॅडम," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, बिट्टीच्या चिमुकल्या आवाजात, "आबा, मले घाबरता का जी?"

त्याला हसू फुटलं. खांदे सैल झाले. लाल दिवा लागला.

"आबा, मी गेल्यावर तुम्ही कोणाशी बोलाल जी?"

प्रेमानंदने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द आले नाहीत. काचेपलीकडे मॅडमनी हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला. हर्षाला त्याचा श्वास ऐकू येत होता, स्वतःचाही. थांब... थांब... आता बोल ना रे...

"तुझ्याशीच," घुबडआबा म्हणाले. म्हातारे, खरखरीत, शहाणे. "तू नसली तरी तुझ्याशीच बोलीन वं."

लाल दिवा विझला. मॅडम डोळे टिपत बाहेर गेल्या. प्रेमानंद तसाच उभा होता. हर्षाने विचारलंच, "पान चिकटलं होतं का?"

त्याने समोरचा कागद उचलून तिच्या हातात दिला. तिचा प्रश्न आणि त्याचं उत्तर, एकाखाली एक. एकाच पानावर.

"मंग इतका वेळ काय करून राह्यला होता?"

"हर्षा," तो म्हणाला, आता त्याच्या स्वतःच्या आवाजात, "तू लहान पोरगी होती तोवर सोपं होतं. आता तू समोर असली का मले म्हातारं होता येत नाही. घरी विचारीन म्हणतो... तुह्या मावशीले. पण पुण्याले तू काय कळवलं, ते आधी सांग."

आता गप्प बसायची पाळी हर्षाची होती. तिला घाई करायची नव्हती. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते सुख तिने नीट हातात घेऊन पाहिलं.

"नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. "इतवारीतून आल्या आल्याच."

"ताई," अंकुशचा आवाज हेडफोनमधून आला, "माइक चालू हाये जी."

उन्हाळ्यात तो भाग टीव्हीवर लागला, तेव्हा महालातल्या घरी सगळे दाटीवाटीने बसले होते. मावशीच्या शेजारी होणारे जावई, हातात चहाची बशी. बिट्टीने प्रश्न विचारला. घुबडाने तिच्याकडे पाहिलं, मान पार पलीकडे वळवली, पुन्हा इकडे आणली, डोळे मिटले, उघडले. चित्रकारांनी त्या थांबण्यातला एक श्वाससुद्धा वाया घालवला नव्हता. ढोलीशी घंटा किणकिणली.

मावशीने पदर डोळ्यांना लावला आणि अधीर होऊन हर्षाला ढोसलं.

"बोलत काहून नाही वं हा? इतका वेळ काय करून राह्यला?"

"पान उलटून राह्यला," हर्षा म्हणाली, आणि होणाऱ्या जावयांना चहाचा असा ठसका लागला, की आबांचं उत्तर कोणालाच ऐकू आलं नाही.