मेलेले असे धावत नाहीत

ही गोष्ट ज्यांना खोटी वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. माझ्या नणंदेच्या बाबतीत घडली आहे, आणि शेवटचा तुकडा तर माझ्या स्वतःच्या घरात घडला आहे. वन्संनी सांगितली तेवढीच लिहिते. पदरचं काही घालत नाही.

रात्रीची गोष्ट नाही ही. दुपारची आहे. तीनच्या शोची.

वन्सं एका जुन्या, एकाच पडद्याच्या थिएटरात एकवीस वर्षं कामाला होत्या. काम काय, तर दारावर तिकीट फाडायचं आणि उशिरा आलेल्यांना अंधारातून बॅटरीने खुर्चीपर्यंत न्यायचं. सगळे त्यांना बॅटरीबाईच म्हणायचे.

त्या कामाचे नियम होते. बॅटरी पायाशी धरायची. तोंडावर कधीही मारायची नाही. आपण पुढे चालायचं, माणूस उजेडाच्या मागे येतो. "सावकाश, पायरी आहे" एवढंच बोलायचं. आणि दुपारी कोणी खुर्चीत झोपला असेल तर त्याला उठवायचं नाही. उन्हातून गारव्याला आलेला जीव, झोपू दे की!

तेव्हा सिनेमा म्हणजे काय मौज होती! मधल्या सुट्टीत लोक अनोळखी माणसाशी भांडायचे, खलनायक कोण असेल यावरून. आता ते थिएटरही नाही आणि ती भांडणंही नाहीत.

तर, एक झोंबीपट आला होता. त्याचा पहिला भाग नऊ वर्षांपूर्वी ह्याच थिएटरात पंचवीस आठवडे चालला होता. त्यातली प्रेतं हळूहळू चालत यायची, आणि लोक खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे.

दुसऱ्या भागात प्रेतं धावू लागली. भिंती चढू लागली. आणि लोक हसू लागले.

सिनेमा काढणाऱ्यांना कळेना की काय चुकलं. त्यांनी थिएटरांना पिवळी कार्डं पाठवली. सिनेमा संपला की प्रेक्षकाने कार्डावर अभिप्राय लिहायचा, रांग आणि खुर्चीचा नंबर टाकायचा, आणि कार्ड दाराजवळच्या पेटीत टाकायचं. पेटीला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे.

मॅनेजर नवा होता. वयाने वन्संच्या मुलासारखा, पण तोरा असा की थिएटर त्याच्या आजोबांनी बांधलं असावं.

रोज संध्याकाळी तो पेटी उघडायचा आणि वन्संना कार्डं वाचून दाखवायला लावायचा. त्याला चष्मा लागला होता, पण तो लावायची लाज वाटायची.

"पहिल्या भागात झोप उडाली होती, ह्या भागात ती भरून काढली."

"हिरोला तीनदा चावलं तरी तो मरत नाही. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं?"

"बायकोला घेऊन आलो होतो. ती आता माझ्याशी बोलत नाही. झोंबीपेक्षा हे भयंकर आहे."

वन्सं हसायच्या. मॅनेजरचं तोंड मात्र कडू कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

मंगळवारी एक कार्ड वेगळं निघालं.

बारीक, सरळ अक्षर. शिसपेन्सिलीने लिहिलेलं.

"मेलेले असे धावत नाहीत. चुकीचं दाखवलं आहे. – ज ११."

"बघा, ह्याला अनुभव दिसतोय," वन्सं म्हणाल्या.

मॅनेजर हसला नाही. त्याने तिकिटाच्या खिडकीवरचा तक्ता पाहिला.

ज रांगेत त्या दिवशी एकही तिकीट गेलं नव्हतं...

"कोणीतरी चुकीचा नंबर टाकला असेल," वन्सं म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

बुधवारी पुन्हा तेच अक्षर.

"मेलेल्यांना भूक लागत नाही. कितीदा सांगायचं? – ज ११."

ज रांग त्या दिवशीही रिकामीच.

आता मॅनेजरने मान तिरकी केली. "बाई, पेटीपाशी दिवसभर तुम्हीच उभ्या असता ना?"

"मग?"

"आणि हा सिनेमा भिकार आहे असं परवा तिकिटाच्या खिडकीसमोर तुम्हीच म्हणालात ना?"

"मी एकटीच म्हणाले? ही पन्नास माणसं काय म्हणतायत, वाचा की! नाहीतर चष्मा लावा."

झालं. एवढं पुरे होतं. त्याने कागद पुढे सरकवला आणि वन्संना तेच वाक्य लिहायला लावलं. एकवीस वर्षं काम केलेल्या बाईला, शाळेतल्या पोरीसारखं. वन्संचं अक्षर म्हणजे गोल गोल भोपळे. कार्डावरच्या अक्षराशी कुठेच जुळेना.

"डाव्या हाताने लिहिलं असेल," तो म्हणाला.

वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, त्या क्षणी मला भूतबीत काही सुचलं नाही गं. नुसता संताप. डोकं असं तडकलं होतं की वाटलं बॅटरी ह्याच्याच टाळक्यात घालावी!"

गुरुवारी वन्संनी पेटीवरून नजर काढली नाही. सिनेमा सुटला तेव्हा एकोणीस माणसं बाहेर पडली. अकरा जणांनी कार्डं टाकली. वन्संनी बोटांवर मोजली.

पेटीतून बारा निघाली.

बारावं वन्संनी वाचलं...

"मेलेले ओरडत नाहीत. ओरडता आलं असतं तर मी केव्हाच ओरडलो असतो. – ज ११."

मॅनेजर उठून उभा राहिला. "पुरे झाली थट्टा! ही कार्डं शनिवारी कंपनीला जायची आहेत. शनिवारच्या तीनच्या शोला तो माणूस मला दाखवा. नाही दाखवलात, तर सोमवारपासून येऊ नका."

वन्सं घरी एकट्या मिळवत्या होत्या. भाऊजी, म्हणजे वन्संचे यजमान, अंथरुणाला खिळलेले. पण नुसती पोटाची गोष्ट नव्हती. खोटारडी ठरून जायचं, हे त्यांना सहन होईना.

शुक्रवारी सकाळी त्या मशीनच्या खोलीत ऑपरेटरकडे गेल्या. म्हातारा तिथे तीस वर्षं होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, ज अकरा म्हणालात?"

"हो."

"पहिल्या भागाच्या वेळी एक माणूस गेला होता... आठवतो?"

वन्संना आठवला. आठवायचा नव्हता, तरी आठवला.

नऊ वर्षांपूर्वी असाच एक दुपारी उशिरा आला होता. वन्संनीच त्याला बॅटरीने नेऊन बसवलं होतं. सिनेमा सुटला तेव्हा तो मान टाकून झोपलेला दिसला. वन्संनी नेहमीप्रमाणे उठवलं नाही. सहाच्या शोला झोपलेला. नऊच्या शोला झोपलेला...

डॉक्टर नंतर म्हणाले, दुपारीच गेला होता.

"अहो, पण त्याला तर स्ट्रेचरवरून बाहेर नेलं ना?" वन्सं म्हणाल्या.

"नेलं," ऑपरेटर म्हणाला. "पण तो स्वतःहून कुठे गेला?"

वन्सं त्याच्यावरच चिडल्या. "तुम्ही पण ना! तिकडे माझ्या नोकरीवर गदा आलीय आणि तुम्हाला गोष्टी सुचतायत!"

त्या संध्याकाळी ज अकराचं कार्ड निघालं, ते वन्संनी मॅनेजरला वाचून दाखवलंच नाही. मुठीत दाबून घरी आणलं. पुढे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"सिनेमाबद्दल आता तक्रार नाही. बॅटरी फक्त आत येताना दाखवता. बाहेर जाताना कोणीच दाखवत नाही."

शनिवार.

तीनचा शो. चौदा प्रेक्षक. ज रांग रिकामी. मॅनेजर स्वतः मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभा.

सिनेमा संपला. दिवे लागले. लोक कुरकुरत बाहेर पडले. "तिसरा भाग काढला तर मीच चावेन त्यांना," असं कोणीतरी म्हणालं.

चौदाही माणसं गेली.

"कुठाय तुमचा माणूस?" मॅनेजर म्हणाला.

वन्संनी नुसतं बोट दाखवलं.

त्या थिएटरातल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. हॉलभर सगळ्या बैठका मिटलेल्या होत्या.

एक सोडून...

"स्प्रिंग गेलीय," मॅनेजर म्हणाला. तरातरा गेला आणि त्याने बैठक हाताने वर ढकलली. ती खाट् करून मिटली. "दिसलं? चांगली आहे की!"

तो वळला.

मागे खुर्ची करकरली.

बैठक हळूहळू खाली आली... कोणीतरी अंग टेकवावं तशी.

नेमके तेव्हाच वरून ऑपरेटरने दिवे घालवले. शो सुटला की थोड्या वेळाने तो घालवायचाच. रोजची सवय.

काळोख.

आणि त्या काळोखात, ज रांगेतून...

"च्... च्..."

कंटाळलेला माणूस करतो ना, तसा. फार फार वेळ वाट पाहून कंटाळलेला.

"बाई!" मॅनेजर ओरडला. "बॅटरी मारा! तोंडावर मारा त्याच्या!"

वन्संचा अंगठा बटणावर होता. मारली असती तर सगळं सिद्ध झालं असतं. नोकरी, अब्रू, सगळं.

त्यांनी बॅटरी लावली.

आणि पायाशी धरली.

"मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून नाही गं," त्या मला म्हणाल्या. "नऊ वर्षं तो माणूस तिथे बसला होता, आणि बसवलं कोणी? मीच ना?"

त्या ज रांगेच्या टोकाशी गेल्या. उजेड जमिनीवर. नेहमीचंच बोलल्या.

"या. सावकाश. पायरी आहे."

थोडा वेळ काहीच नाही...

मग खाट्!

बैठक मिटली.

वन्सं वळल्या आणि चालू लागल्या. मागे पावलं. जड, आखडलेली, बसून बसून पायाला मुंग्या आलेल्या माणसाची. त्या मॅनेजरच्या अंगावरून गेल्या. मागची पावलंही गेली. मॅनेजर भिंतीला पाठ लावून खाली बसलेला होता.

वन्संनी बाहेरचं दार उघडलं. चार पावलांवर संध्याकाळचं तिरपं ऊन, रस्ता, सायकली, माणसं. त्या बाजूला झाल्या.

बॅटरी बराच वेळ उंबऱ्यावर धरून उभ्या राहिल्या. मग विझवली.

काही ऐकू आलं नाही.

सोमवारी मॅनेजर स्वतः दारात उभा होता. "या बाई," म्हणाला. त्या कार्डांबद्दल एक अक्षर काढलं नाही. रविवारी ज अकराचं कार्ड निघालं नव्हतं. नोकरी वाचली होती. वन्संना वाटलं, सुटलो. तोही आणि मीही.

सोमवारी तीनच्या शोला एक जोडपं उशिरा आलं. वन्संनी बॅटरी पायाशी धरली. "सावकाश, पायरी आहे." त्या पुढे, जोडपं मागे.

मधेच बाई नवऱ्याला फणकाऱ्याने म्हणाली, "अहो, मागे कोण आहे बघा ना. टाचेवर पाय देतंय."

वन्सं थांबल्या. जोडपं थांबलं.

मागे आणखी एक पाऊल पडलं, आणि मग तेही थांबलं...

वन्संनी बॅटरी विझवली. शांत.

पुन्हा लावली. एक पाऊल पुढे आलं.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्याला दार दिसलंच नव्हतं. ऊन दिसलं नव्हतं, रस्ता दिसला नव्हता. त्याला दिसला होता तो फक्त बॅटरीचा उजेड. इतकी वर्षं तो निदान एका जागी बसून तरी होता. वन्संनी त्याला तिथूनही उठवलं.

ज्या नोकरीसाठी एवढं सोसलं, ती त्यांनी त्या दिवशी आपणहून सोडली. बॅटरी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि अंधारात चाचपडत बाहेर आल्या. पुढे एका शाळेत शिपाई म्हणून लागल्या. सगळी कामं दिवसाउजेडी. बॅटरी पुन्हा कधी हातात धरली नाही; तो उजेडामागे नसून माझ्याच मागे असेल तर, म्हणायच्या.

हे सगळं त्यांनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या होत्या तेव्हा. मी हसले नाही, पण मनात म्हटलं, वय झालं. होतं असं.

तिसऱ्या संध्याकाळी वीज गेली. आम्ही दोघी पुढच्या खोलीत होतो. गॅसवर दूध ठेवलेलं. मी खणातून बॅटरी काढली.

"वहिनी, लावू नकोस."

"अहो वन्सं, दूध उतू जाईल."

"जाऊ दे. मी नवीन आणून देते. लावू नकोस."

मला चीड आली. खरं सांगते, भीती नाही, चीडच आली. ह्या वयात हे काय पोरकट खूळ! मी बॅटरी लावली, पायाशी धरली आणि स्वयंपाकघराकडे निघाले.

वन्सं मागून येत होत्या. सावकाश, पाय ओढत. गुडघे धरलेत बिचारीचे, असं मला वाटलं.

"बघा, काही झालं का?" मी मागे न बघता म्हटलं. "इथे पायरी आहे हं. सावकाश."

आणि पुढच्या खोलीतून, पार खुर्चीतून, वन्संचा आवाज आला...

"वहिनी, मी उठलेच नाहीये गं."

मी बॅटरी विझवली.

दूध उतू जात होतं, त्याचा वास येत होता. वीज येईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिले. मागे वळले नाही. पाऊल ऐकू आलं नाही. कुठल्याच दिशेला.

वन्सं दुसऱ्याच दिवशी आपल्या घरी गेल्या. जाताना दारात थांबल्या, काहीतरी विचारायचं होतं त्यांना. पण विचारलं नाही.

मलाही तेच विचारायचं होतं. तो त्यांच्याबरोबर गेला, की जिथे मी उजेड विझवला तिथेच थांबला आहे?

आता वीज गेली की मी जिथे असेन तिथेच बसून राहते. सुनेने बॅटरी पुढे केली तर तिच्यावर खेकसते. तिला वाटतं, सासूबाईंचं वय झालं.