सपनाच्या लेखनिकाची मेल

"ताई, मी सांगेन तेच लिहायचं. चुकलं तर चुकलेलंच. तुमच्या पदरचं काही घालायचं नाही, माझं काही गाळायचं नाही. कबूल?"

"कबूल," पहिल्या पेपरच्या आधी सुलक्षणाबाई सपनाला म्हणाल्या होत्या.

सपनाला दिसत नाही. परीक्षेत ती उत्तर सांगते आणि लेखनिक ते लिहितो. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तिच्या प्रत्येक पेपरला सुलक्षणाबाईच बसत आल्या. बारावीनंतर त्यांचं शिक्षण सुटलं होतं, त्यामुळे लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा या नियमातही बसत होत्या. आज संकष्टी. त्या रोजच्या जपाला बसल्या होत्या, तेवढ्यात तोच आवाज फोनवर आला.

"ताई, वाट लागली! उद्यापासून शेवटच्या वर्षाची परीक्षा, आणि कॉलेज म्हणतंय लेखनिक म्हणून तुमचं नाव कळवणारी मंडळाची मेल मिळालीच नाही. लेखनिक नाही तर पेपर नाही."

"मुदत?"

"कालच संपली. माझं वर्ष जाणार, ताई."

"तू वाचन कर. उद्या मी येणार म्हणजे येणार."

जप मात्र त्यांनी पुरा केला. मगच चपला घातल्या.

मुलुंडला पाच रस्त्याजवळ, गरजू विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवणाऱ्या मंडळाच्या खोलीत, चूक कोणाची याचा निकाल तोवर लागूनही गेला होता. मेल पाठवायचं काम निधीचं, म्हणून गुन्हेगार निधी. मंडळाचे अध्यक्ष धोंडूकाका मालवणीत तापले होते.

"दिवसभर मोबाईलात डोळे! ह्या पोरीन कायतरी घोळ केल्यान. उद्यापासून मेल मी धाडतलंय."

"काका, तुम्हाला पासवर्ड तरी माहीत आहे का?" निधी रडवेल्या रागाने म्हणाली आणि सुलक्षणाबाईंकडे वळली. "काकू, देवाशप्पथ पाठवली. ही बघा."

पडद्यावर मेल होती. गेल्या आठवड्यातली, पत्ता बरोबर, 'पाठवली' असा शिक्का. परतही आलेली नव्हती.

"एकटी सपनाचीच होती?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"नाही हो. सगळ्या कॉलेजांना एकाच मजकुराची. नावं फक्त बदलायची. एका दमात टाकल्या सगळ्या."

"कुठल्या क्रमाने?"

"अंधेरी, बोरिवली, चेंबूर, मग सपनाचं घाटकोपर, मग बाकीची."

"बाकीच्यांना पोचल्या?"

"कोणी बोंबललं नाही, म्हणजे पोचल्या असतील ना!"

"असतील नको. फोन करून विचार."

निधी फोनला लागली. सुलक्षणाबाईंची नजर खिडकीतल्या इंटरनेटच्या डब्यावर गेली. वर कंपनीचा स्टिकर होता: 'स्वच्छ इनबॉक्स! कचरा आमच्यावर सोडा.' मंडळाचा मेलचा पत्ताही याच कंपनीने कनेक्शनबरोबर फुकट दिलेला.

त्या रिक्षा करून घाटकोपरला निघाल्या.

कॉलेजच्या परीक्षा विभागात सर्वेश नावाचा कारकून होता. त्याने मान वर केली नाही.

"मॅडम, मेल पाठवली होती असं इथे रोज कोणीतरी सांगतं."

"मला फक्त बघू द्या."

त्याने कुरकुरत पडदा वळवला. आलेल्या मेलमध्ये काही नाही. स्पॅमचा कप्पा पाहिला, पुसलेल्या मेलचा पाहिला. तिथेही नाही. मात्र महिन्यापूर्वीची एक मेल जागेवर होती. निधीनेच मंडळाच्या पत्त्यावरून लिहिलेली: 'सर, चैतन्यला पायऱ्या चढायला त्रास होतो, वर्ग तळमजल्यावर मिळेल का?'

"ही कशी राहिली?"

"आली म्हणून राहिली. मी काय मेल खातो की काय?"

"तुम्ही नाही खाल्लीत, हे कळलं मला." त्यांनी निधीला फोन लावला. "मंडळाच्या पत्त्यावरून, मी सांगते तेच लिही: 'सर्वेशभाऊ, आज माझा उपास आहे, चहा विचारलात तरी मी घेणार नाही.' पाठव."

क्षणात सर्वेशच्या संगणकावर टिंग झालं. तो वाचून ओशाळला. चहा त्याने विचारलाच नव्हता.

"आता सपनाचीच जुनी मेल पुन्हा पाठव."

वाट पाहिली. काही आलं नाही.

"आता तीच, अक्षर न बदलता, तुझ्या स्वतःच्या पत्त्यावरून."

टिंग.

"आली!" सर्वेश नकळत उभा राहिला. "पण ही आजची. मुदतीत निघाली होती याचा पुरावा हवा. प्रिन्सिपल मॅडम सहापर्यंत आहेत."

परतीच्या वाटेवर निधीचा फोन आला. अंधेरी, बोरिवली, चेंबूरला मेल पोचली होती. पुढे एकालाही नाही. त्यांच्या परीक्षा अजून लांब, म्हणून कोणी ओरडलं नव्हतं.

इंटरनेट कंपनीचं दुकानवजा ऑफिस मुलुंडच्या बाजारात होतं. मालक सुयोग हसतमुख. सुलक्षणाबाईंच्या सांगण्यावरून निधी आणि धोंडूकाका आधीच येऊन थांबले होते.

"बोला काकू, स्पीड कमी येतोय का?"

"स्पीड ठीक आहे. आमची पत्रं कुठे आहेत?" सुलक्षणाबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "कॉलेजने पुसली म्हणावं, तर निधीची महिन्यापूर्वीची मेल तिथे शाबूत. अर्जात काही वावगं म्हणावं, तर तोच अर्ज दुसऱ्या पत्त्यावरून पोचतो. पत्ता बिघडला म्हणावं, तर त्याच पत्त्यावरून माझी चहाची मेल पोचते. आमचा पत्ता आणि तो अर्ज एकत्र आले की मधेच गडप. पत्ता तुमचा, वाटही तुमची."

सुयोगचं हसू थांबलं.

"एकसारख्या मेल एका दमात गेल्या. तीन पोचल्या, मग तुमच्या यंत्राने ठरवलं, ही जाहिरात. त्या मजकुरावर काट मारली, आता एकटा पाठवला तरी गिळतं. कचरा आमच्यावर सोडा, असं तुम्हीच लिहिलंय."

"काकू, फिल्टर आहे तो. ऑटोमॅटिक. चुकतं कधीकधी."

"यंत्र चुकलं, ते मी मनावर घेत नाही. पण मेल परत का नाही आली? गिळली म्हणून कळवलं का नाही?"

"कळवलं तर स्पॅमवाले सावध होतात. आणि लोक तक्रारी घेऊन दारात..."



"म्हणजे चांगली पत्रंही गडप होतात, हे ठाऊक होतं तुम्हाला. आणि बोल या पोरीला लागले." त्यांनी निधीच्या पाठीवर हात ठेवला. "लेखी द्या. आमची मेल कधी निघाली, कुणी अडवली."

"तसं देत नाही आम्ही. पॉलिसी आहे."

सुलक्षणाबाईंनी पिशवीतून जपमाळ काढली आणि दारातल्या बाकावर बसल्या.

"चंद्रोदयापर्यंत मला जेवायचं नाहीये. बसते इथे. गिऱ्हाईक आलं की झालं ते सांगेन. माझ्या पदरचं एक अक्षर घालणार नाही."

"वायच सरक गो," धोंडूकाका म्हणाले. "माका पण बसू दी."

पहिलं गिऱ्हाईक ऐकून घेऊन नवीन कनेक्शन न घेताच गेलं. दुसऱ्याने विचारलं, "माझ्या नोकरीच्या मुलाखतीची मेलपण यांनीच खाल्ली काय?" तिसरं पायरी चढताना दिसलं, तसा सुयोग प्रिंटरकडे धावला. चंद्राला अजून बराच वेळ होता.

सुयोगचं लेखी पत्र निधीने स्वतःच्या पत्त्यावरून कॉलेजला पाठवलं. सहाच्या आत सर्वेशचा फोन आला. "मॅडमनी सही केली. आणि मावशी, चहा उधार राहिला हां!"

धोंडूकाका निधीसमोर घुटमळले. "मेल तूच धाड बाय. माका पासवर्ड नको."

"आधी सॉरी म्हणा, काका."

"म्हटलंय ना मनात!"

"मनातलं पोचत नाही."

काकांनी मोठ्याने म्हटलं.

सकाळी सुलक्षणाबाईंनी जप आटोपला, देवापुढे दिवा लावला. पिशवीत दोन पेनं आणि पाण्याची बाटली टाकली. फोन वाजला.

"ताई, येताय ना?"

"निघाले. आता काही सांगू नकोस. जे सांगायचं ते तिथे सांग, मी लिहीन."

घरातलं कोणी उठू नये म्हणून त्यांनी दार हळूच ओढून घेतलं आणि घाटकोपरच्या बसच्या दिशेने चालू लागल्या.