टाकी भरली, थांबते

बंद प्रयोगशाळेत पंप कोण चालवत होतं?

दसऱ्याची सुट्टी असल्यामुळे अभियांत्रिकी महाविद्यालयात चिटपाखरू नव्हतं. शाल्मली आपल्या आजोबांबरोबर, म्हणजे नानांबरोबर, प्रयोगशाळेपाशी आली. दारानं नानांचा चेहरा ओळखला आणि ते आपोआप उघडलं. आतून शाल्मलीच्या आजीचा आवाज आला.

"पाणी कमी आहे. सुरू करते."

पंप घरघरला. लगेच तोच आवाज, "टाकी भरली. थांबते." पंप गप्प. की पुन्हा, "पाणी कमी आहे..."

आजीला जाऊन वर्ष होत आलं होतं. शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"नाना, आजी आहे का आत?"

"नाही गं." नानांनी आत डोकावून पाहिलं. "आजी इथं पंप शिकवायची. या नियंत्रकात (यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक) तिनंच आपला आवाज भरला. कालपासून तो असा वेड्यासारखा करतोय. अशानं मोटर जळेल, म्हणून उद्या तो काढून टाकणार."

"आणि आवाज?"

"त्याची दुसरी प्रत नाही, बाळा."

शाल्मलीला रडू फुटलं. पण रडता रडता ती आत शिरली, कारण आता भीतीपेक्षा राग मोठा होता.

"टाकी भरली हे त्याला कळतं कसं?"

"वर संवेदक (मोजून खबर देणारं उपकरण) आहे. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो. आवाज पाण्यावर आपटून लवकर परतला, तर टाकी भरलेली. उशिरा परतला, तर पाणी खाली गेलेलं. त्यावरून नियंत्रक पंप चालवतो, पाणी वाढतं, संवेदक पुन्हा मोजतो. याला म्हणतात प्रत्याभरण (केल्याचा परिणाम पाहून पुढचं ठरवणं)."

"आंघोळीच्या कढत पाण्यात हात घालून बघत बघत विसण ओततो, तसं?"

"अगदी तसं!"

टाकीच्या कडेला पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी होती. खालचा नळ बारीक वाहत होता. आवाज म्हणाला, "टाकी भरली." नळीत मात्र पाणी अर्ध्यावरच! तेवढ्यात खिडकीतून झुळूक आली, शाल्मलीचे केस उडाले आणि आवाज म्हणाला, "पाणी कमी आहे." पुढच्या झुळकीलाही तेच.

तिनं खिडकी लावली. "टाकी भरली. थांबते." मग सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेची तिला जास्तच भीती वाटली.

ती स्टुलावर चढली. संवेदकाच्या दांडीवर झेंडूची माळ होती आणि तिचं एक टोक घसरून बरोबर त्याच्या डोळ्याखाली लोंबत होतं. संवेदकाचा आवाज पाण्यापर्यंत पोचतच नव्हता, फुलांवरूनच परतत होता. वाऱ्यानं माळ बाजूला झाली, की तेवढ्यापुरतं खरं पाणी दिसायचं.

नाना माळेकडे बघत म्हणाले, "काल खंडेनवमीला मीच घातली ती. दरवर्षी आजी घालायची. कुठं घालायची, ते मी कधी बघितलंच नाही."

शाल्मलीनं माळ काढून पंपाच्या पाठीवर घातली.

"पाणी कमी आहे. सुरू करते."

या वेळी पंप एकसारखा चालला. नळीतलं पाणी चढत चढत वर पोचलं.

"टाकी भरली. थांबते."

"नाना, पाण्यावर तरंगणारा दुसरा संवेदकही लावू या. दोघांचं जुळलं नाही, तर आजीनं हाक मारायची."

"विद्यार्थ्यांना हेच शिकवतो आता," नाना डोळे पुसत म्हणाले. "आणि ही आजी कुठं जात नाही!"

मग त्यांनी खालचा नळ हळूच आणखी उघडला. पाणी उतरू लागलं आणि दोघं कान देऊन वाट पाहत उभे राहिले.