दीड पानात सहा वर्षं

धुण्याआधी प्रत्येक खिसा तपासायचा, ही ताईची सहा वर्षांची सवय. लॉन्ड्रीत आलेल्या कपड्यांतून किल्ल्या निघत, औषधांच्या चिठ्ठ्या निघत, एकदा तर कुणाची कवळी निघाली होती! पण आज धाकट्या भावाच्या पँटमधून निघालेले दोन कागद तिनं उलगडले, आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली...

‘वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्या वर्षीची परीक्षा सोडून मी आमची लॉन्ड्री हाती घेतली...’

मी? कोण मी? परीक्षा सोडली तिनं, वाफेनं हात भाजून घेतले तिनं, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ब्र न काढता इस्त्री फिरवत राहिली तीच! हा तर तेव्हा शाळेच्या बाकावर भूमिती गिरवत होता. तिच्या तारुण्याची ती सहा करपलेली वर्षं या पोरानं दीड पानात खुशाल स्वतःच्या नावावर करून टाकली होती!

“ताई, ते वाचू नकोस!” धाकटा दारातच थिजला.

“वाचून झालं.”

तो मटकन खाली बसला. “मग काय करू गं? प्रवेशाचा अंदाज सांगणाऱ्या क्लासच्या सरांनी माझे मार्क पाहिले आणि तोंडावर सांगितलं, मॅनेजमेंटच्या पाचपैकी चार संस्था विसर. कामाचा अनुभव शून्य. पाचव्या संस्थेत शंभरात दहा संधी, तीही अर्जासोबतच्या निबंधात काही सोसलेलं दिसलं तर! मी काय सोसलंय, ताई? माझ्या वाटचंसुद्धा तूच सोसलंस ना! मला कुठेच घेणार नाहीत गं...”

“अरे चोरा, निदान विचारायचंस तरी!”

तो ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. आतल्या खोलीतून बाबांचा अडखळता आवाज आला, “पोराच्या प्रवेशाचं... काही कळलं का?” रोज सकाळी हाच एक प्रश्न! ताईचा संताप त्या आवाजापाशी येऊन थबकला. कपड्यांच्या टॅगवर नंबर घालायची पेन्सिल तिनं कानामागून काढली.

“हे चुकलंय. रक्ताचा डाग गरम पाण्यानं काढला म्हणतोस? गरम पाण्यानं तो पक्का बसतो. थंड लिही. मुलाखतीत कुणी जाणकार निघाला तर पितळ उघडं पडेल तुझं.”

“ताई...”

“आणि इथे घाल, ‘पेपरच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो, आणि परत फिरलो.’”

त्यानं दचकून वर पाहिलं. “तू गेली होतीस?”

“लिही म्हटलं ना!”

निबंध लागू पडला. मुलाखतीचं बोलावणं आलं. ताईनं त्याचा शर्ट स्वतःच्या हातानं कडक इस्त्री करून दिला आणि दुपारपर्यंत तिचं कशात म्हणून लक्ष लागलं नाही.

तो परतला तो मान खाली घालूनच. “नाही झालं, ताई.”

“का? निबंध तर आवडला होता ना त्यांना?”

“तिथल्या एका बाईंनी विचारलं, फाटकातून परत फिरताना मनात काय आलं? मला उत्तरच येईना. सहा वर्षांत मी तुला कधी विचारलंच नव्हतं... मग सांगून टाकलं, हे माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. त्यांनी फाईल मिटली.”

“मूर्खा! घालवलंस सगळं!” ती दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारू लागली. “माझी वर्षं वाया गेली ती गेली, निदान तुझ्या तरी कामी येऊ द्यायची होतीस रे! आता कोण घेणार तुला? बाबांना काय सांगू मी?”

त्यानं सगळे तडाखे सोसले. तिचे हात थकले तेव्हा तो हलकेच म्हणाला, “सांग ना, ताई. काय वाटलं होतं तुला?”

ती धुवायच्या चादरींच्या ढिगावर कोसळली. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, त्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं आणि तिच्याजवळ जमिनीवर येऊन बसला. तिनं चादरीच्या टोकानं डोळे पुसले.

“फाटकावर वॉचमन होता,” अखेर ती म्हणाली. “तो म्हणाला, पळ बाळा, अजून पाच मिनिटं आहेत...”