कोऱ्या फळ्यावरची ओळ

फळा अगदी कोरा होता, आणि वैजयंतीच्या डोळ्यांदेखत त्यावर आपोआप एक ओळ उमटली.

'उंबरधार. विहिरीचं पाणी एकोणीस हात खोल. – सुगंधा झोरे.'

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. वर्गात चिटपाखरू नव्हतं. मग ही ओळ लिहिली कोणी? थांबा, ते कोडं सोडवूच, पण त्याआधी पोरीने काय घोळ घातला होता तो ऐका.

करंजखोपच्या शाळेत एक जुना रिवाज होता. शाळा सुटली की ज्याची पाळी असेल त्याने फळा लख्ख पुसायचा, मगच दप्तर उचलायचं. पुढे २०५१ साल उजाडलं, खडूचा फळा जाऊन भिंतभर पडदा आला, तरी रिवाज काही हलला नाही.

याच पडद्यावर तीन आठवड्यांपूर्वी बारटक्के बाईंनी 'सामायिक फळा' (एकाच वेळी सगळ्यांना आपापल्या पाटीवरून लिहिता येईल असं एकच पान) उघडला होता. काय करतील बिचाऱ्या? प्रश्न विचारला की पुढच्या बाकावरचे तेच ते चौघे हात वर करायचे. बाकीचे चोवीस जण खिडकीबाहेर बघत बसायचे. शेवटी बाई म्हणाल्या, "आता हात वर करणं बंद. आपापल्या वाडीच्या विहिरीत गाठींचा दोर सोडा, पाणी किती खोल गेलंय ते मोजा आणि लिहा."

मग काय विचारता! मुलं लिहू लागली, एकमेकांच्या चुका काढू लागली. 'तुमच्या विहिरीचं पाणी एका दिवसात चार हात वर आलं? थापा नको मारूस, परत मोज!' अशी भांडणंसुद्धा फळ्यावरच व्हायची. उद्या सकाळी तालुक्याहून पाण्याच्या शास्त्रज्ञ मिसाळबाई येणार होत्या. पावसाळ्याआधी पाणी जिरवायचे चर फक्त एकाच वाडीच्या उतारावर खणून होणार होते. ती वाडी कोणती, हे हा फळा बघून ठरणार होतं.

रोज ज्याची पाळी असेल तो हे पान आधी मिटायचा आणि मगच फळा पुसायचा. आणि आज पाळी वैजयंतीची. पान मिटायचं विसरून तिने सवयीने 'सगळं पुसा'वर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं, 'नक्की?' पोरीने बेधडक दाबलं, 'नक्की.' तीन आठवड्यांची मेहनत गेली की हो! तिने पडद्यावर इकडे तिकडे बोटं आपटून बघितली. आणि नेमकी तेव्हा ती ओळ उमटली.

"खटपट्या!" तिने रडत हाक मारली.

खटपट्या म्हणजे शाळेचा यंत्रमानव. त्याचं एक चाक कुरकुरायचं आणि तोंडही तसंच चालायचं. तो कोपऱ्यातून आला, आधी फळा बघितला, मग तिला.

"वैजूताई, फळा स्वच्छ पुसलास. शाब्बास!"

"चेष्टा नको रे! सगळं गेलं. उद्या सगळे मला खाऊन टाकतील. आणि ही ओळ कुठून आली? सुगंधा तर चार दिवस शाळेत नाही. विहिरीचं पुरत नाही, पाणी लांबून आणावं लागतं म्हणून घरीच आहे."

"आधी डोळे पूस," खटपट्या म्हणाला. "आता सांग, मला कांदेपोहे खायचे आहेत. तू पोहे पाठवशील की कृती लिहून पाठवशील?"

"तुला तोंड तरी आहे का खायला?"

"समज, आहे. वाटेत पोहे सांडले तर संपलं. कृती पाठवलीस तर मी कितीदाही करून खाईन. हा फळा पोहे ठेवत नाही, कृती ठेवतो. म्हणजे फळ्याचं चित्र साठवत नाही. कोणी, काय, कशाच्या पुढे लिहिलं, याची एकेक नोंद साठवतो. चित्र दर वेळी त्या नोंदींवरून नव्याने मांडतो."

वैजयंती नाक पुसत ऐकू लागली.

"तू पुसलंस, तीही एक नोंदच. चार हजार तीनशे बारावी. 'वैजयंतीने समोर दिसणारं सगळं झाकलं.' नीट ऐक, समोर दिसणारं."

वैजयंतीचे डोळे मोठे झाले. "आणि सुगंधाची ओळ मला दिसतच नव्हती!"

"उंबरधारला संपर्क-फुगा (आकाशात तरंगत दूरच्या वाड्यांना जोडणी देणारा फुगा) दिवसातून एकदाच पोचतो. सुगंधाने सकाळी लिहिलं, पण ते तिच्या पाटीतच पडून राहिलं. फुगा आत्ता पोचला, आणि नोंद इथे येऊन मिसळली. याला म्हणतात विलीनीकरण (वेगवेगळ्या पाट्यांवरच्या नोंदी ठरलेल्या नियमाने जुळवून सगळीकडे एकच पान करणं). कोणी आधी आलं, कोणी उशिरा, तरी कोणाचंच लिहिलेलं वाया जात नाही."

"म्हणजे मी फक्त माझी एक नोंद मागे घेतली तर?"

"घेऊन बघ की. मला काय विचारतेस!"

तिने ती नोंद शोधली आणि 'मागे घ्या' दाबलं. क्षणात भिंत भरली! पाचही वाड्या, आकडे, भांडणं, सगळं जागच्या जागी. आणि उंबरधारच्या रकान्यात सुगंधाची नवी ओळसुद्धा. वैजयंतीला हसू आणि रडू एकदमच आलं. हुश्श! तिने खटपट्याला मिठीच मारली.

मग हळूच म्हणाली, "नोंदीतलं माझं नाव तेवढं काढता येईल?"

"नाही."

"बरं." फुगा उंबरधारवरून हलायच्या आत तिने सुगंधाच्या ओळीखाली लिहिलं, 'उद्या ये. ही ओळ तूच वाच.'

सकाळी तिने बाईंना सगळं खरंखरं सांगून टाकलं. बाई छातीला हात लावून खुर्चीत बसल्या, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. "अगं, पुसायचा रिवाज मी चालू ठेवला, चूक माझी! आजपासून पाळी बदलली. पुसायची नाही, वाचायची."

मिसाळबाई आल्या. त्यांच्यामागोमाग धापा टाकत सुगंधाही दारात उभी राहिली. जूनपासून ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. वैजयंतीने तिला हाताला धरून फळ्यापाशी आणलं.

"उंबरधार," सुगंधा पुटपुटली. "पाणी एकोणीस हात."

"किती?" मिसाळबाईंनी कान पुढे केला.

"एकोणीस हात!" आता मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "आणि रोज अर्धा हात खाली जातंय."

मिसाळबाईंनी रकाना वरपासून खालपर्यंत नीट बघितला. बाकीच्या वाड्यांच्या विहिरींचं पाणी कुठेच बारा हातांपलीकडे गेलेलं नव्हतं. "मग ठरलं," त्या म्हणाल्या. "चर आधी उंबरधारला."

सगळा वर्ग ओरडला. सुगंधाने पाटी उघडली आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यासाठी एक कोरा रकाना आखून ठेवला.