बाजूविसर

धरणाची भिंत उतरवून दोन वर्षं झाली होती. देशातल्या नद्या एकेक करून पुन्हा मोकळ्या सोडल्या जात होत्या, आणि बेचाळीस वर्षं पाण्याखाली राहिलेलं करंजवेळे गाव गाळातून वर आलं होतं. भिंती केव्हाच विरघळल्या होत्या. उरली होती ती जोती, तीही अर्धीमुर्धी. ज्याचं घर जिथे होतं तिथेच त्याला पुन्हा बांधून द्यायचं, असं ठरलं होतं. पण गावठाणाचा नकाशा कुठेच सापडेना. गावातल्या सहा वयस्कर माणसांनी आठवून सहा याद्या दिल्या. प्रत्येकाला आपली आळी चोख आठवत होती, दुसऱ्याची नाही. याद्या जुळेनात, तेव्हा सगळ्यांनी तुळशीराम घोलपांचं, म्हणजे तात्यांचं नाव सुचवलं. तात्या गावचे पोस्टमन होते. रोज दारोदार फिरलेल्या माणसाचा शब्द सगळे मानणार होते.

तात्या आता शहात्तर वर्षांचे होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, पण त्यातून ते चांगले सावरले होते. त्यांनी नदीपासून देवळापर्यंतची चौतीस घरं न अडखळता सांगितली. सगळी उजव्या हाताची. डावीकडे काय होतं असं विचारल्यावर ते म्हणाले, काही नव्हतं.

डावीकडे शेलारांची अख्खी आळी होती. यादी देणाऱ्या सहा जणांपैकी एक असलेले कोंडीबा शेलार चार लोकांत म्हणाले, की तात्यांनी जुना राग काढला. तात्यांच्या मुलीला, सुमित्राला, ते फार लागलं. वडील ताटातली डावीकडची भाजी तशीच टाकतात, दाढी एकाच गालाची करतात, हे तिने पाहिलं होतं आणि वयावर ढकललं होतं. ती त्यांना घेऊन डॉ. रेश्मा तांबोळींकडे गेली. मेंदू लक्ष कसं देतो, हा डॉक्टरांच्या संशोधनाचा विषय होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि तात्यांना एकच गोष्ट सांगितली. डोळे मिटा, मनातल्या मनात देवळापाशी उभे राहा आणि नदीकडे चालत या.

तात्या निघाले. या वेळी शेलारांची घरं एकामागून एक आली, कुठल्या दारातलं कुत्रं अंगावर यायचं त्यासकट. आधीची चौतीस घरं मात्र गायब झाली होती.

डॉक्टरांनी सुमित्राला समजावलं, की डोळे ठीक आहेत आणि आठवणीही शाबूत आहेत. लक्ष कुठे वळवायचं हे ठरवणारं मेंदूच्या उजव्या भागातलं जाळं दुखावलं आहे. त्यामुळे डावी बाजू लक्षातून निसटते. ताटातली निसटते, तशीच मनातल्या गावातलीही. या अवस्थेला त्या बाजूविसर म्हणत.

"पण त्यांना हे कळत कसं नाही?" सुमित्राने विचारलं.

"तिथे अंधार दिसला असता तर कळलं असतं. त्यांना काहीच कमी दिसत नाही."

उपाय लोलकाच्या चष्म्याचा होता. लोलकाच्या काचेतून प्रकाश वाकतो आणि सगळ्या वस्तू जरा उजवीकडे सरकलेल्या दिसतात. कप उचलायला जावं तर हात कपाच्या उजवीकडे पडतो. दहा-वीस वेळा चुकल्यावर मेंदू शिकतो आणि हात आपणहून डावीकडे नेऊ लागतो. चष्मा काढला तरी ही सवय काही काळ टिकते, आणि हातामागून लक्षही डावीकडे ओढलं जातं. एवढं डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं, पण हा परिणाम लवकर ओसरायचा. तांबोळींच्या कलचष्म्यात पातळ द्रवाची भिंगं होती. ती नजरेचा कल ओळखून आपला कोन सतत थोडाथोडा बदलत राहायची, त्यामुळे मेंदूचं शिकणं थांबत नसे.

तात्यांनी चष्मा घालायला नकार दिला. आपलं काही हरवलेलंच नाही, मग शोधायचं काय, असं त्यांचं म्हणणं. सुमित्रा दोन दिवस विचारात होती. हरवल्याची जाणीवही नसलेल्या माणसावर उपचार लादायचे कसे? शेवटी तिने त्यांनीच सांगितलेल्या दोन्ही याद्या लिहून काढल्या आणि समोर बसून वाचून दाखवल्या.

तात्यांनी दोन्ही कागद हातात घेतले. मग म्हणाले, "म्हणजे अर्ध्या गावाचं टपाल मी पोचवलंच नाही?"

त्यांनी चष्मा मागितला.

तिसऱ्या आठवड्यात ताट रिकामं होऊ लागलं. सहाव्या आठवड्यात तात्या चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन करंजवेळ्यात उतरले. सोबत सुमित्रा आणि डॉक्टर होत्या, आणि मागे सगळा गाव. नदीपासून चालत ते दोन्ही हातांची घरं सांगत गेले आणि पांढऱ्या रेघांनी आखत गेले. शेलारांच्या उंबऱ्याची रेघ गाळातल्या दगडावर बरोबर पडली. कोंडीबांनी पुढे होऊन त्यांचे हात धरले, चुकलो म्हणाले.

देवळापाशी काम संपलं असं सगळ्यांना वाटलं. तात्या मात्र डावीकडे वळले, कोरडा ओढा ओलांडला आणि पलीकडे चार लहान चौकोन आखायला लागले.

"ही कुणाची?" कोंडीबांनी विचारलं.

"पारध्यांची. या पहिल्या घरात सोनकाबाई काळे. तिच्या लेकाचं पत्र आलं की मी इथं बसून वाचून दाखवायचो."

सुमित्राने पिशवीतून त्या सहा जणांच्या याद्या काढल्या. ती चार घरं एकाही यादीत नव्हती. त्या सहांपैकी कुणालाही कधी झटका आलेला नव्हता.

कोणी खोटं बोललं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

"मी रोज यांच्या दारावरून शेतावर जायचो," कोंडीबा सावकाश म्हणाले. ते डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टरांच्या हातात चष्म्यांची पेटी होती. त्यांनी ती उघडली नाही.

मग कोंडीबांनी तात्यांच्या हातातून फक्कीचा डबा घेतला.

"दार कुठल्या अंगाला होतं?"

"ओढ्याकडं. आलेला माणूस लांबून दिसावा म्हणून."

कोंडीबा वाकले. ओढ्याच्या बाजूची रेघ त्यांनी हाताने मधोमध पुसली, दाराएवढी जागा मोकळी केली, आणि दुसऱ्या घराकडे वळले.