हारकूमच्या हेडचं पुस्तक

सकाळी सात वाजता चॅपलमधली काचेची पेटी रिकामी सापडली. सव्वासातला पेटीतलं हेडच्या सह्यांचं पुस्तक सापडलं. ते कुठे सापडलं हे कळल्यावर हेडमास्तर एव्हरार्ड होल्रॉईड खुर्चीत जे बसले ते उठेचनात.

पुस्तक वेन रेडफर्नच्या टेबलाच्या खणात होतं.

आणि नुसतं होतं असंही नाही. त्यात रेडफर्नची सही होती. हारकूम शाळेचा हेड म्हणून.

आता गंमत बघा. रेडफर्न त्याच दिवशी अकरा वाजता हेड होणार होता. ट्रस्टी येणार, सगळी शाळा चॅपलमध्ये बसणार, आणि सगळ्यांसमोर तो त्या पुस्तकात सही करणार. चार तास थांबला असता तरी सही त्याचीच होती. पण हारकूममध्ये मान मिळायच्या आधी मान घेणं म्हणजे खून केल्यासारखं. खून परवडला. खुनाला निदान कारण विचारतात.

"ट्रस्टींना सांगावं लागेल," होल्रॉईड म्हणाले.

"सांगितलं की संपलं," डेप्युटी म्हणाले. डेप्युटी म्हणजे ऑब्रे लिजेट, वीस वर्षं शाळेत दोन नंबरवर. "मला वाईट वाटतंय हो. पण पोराला धीरच नाही."

पोरगं बेचाळीस वर्षांचं होतं. दारात उभं होतं. पळून आल्यामुळे घामाघूम, बुटांना नदीकाठचा चिखल.

"मी हे केलेलं नाही," रेडफर्न म्हणाला.

"सही तुझी आहे?"

"माझ्यासारखी आहे. माझी सही दर टर्मला तीनशे प्रगतिपुस्तकांवर असते, सर. कोणीही गिरवेल."

"सहा ते सात कुठे होतास?"

"नदीवर पळत होतो. रोज जातो."

"बरोबर कोण होतं?"

"बदकं."

कोणी हसलं नाही. मागे इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन नोरा टास्कर उभी होती, तिला हसू आलं होतं, पण तिनं ते दाबलं. नोरा रेडफर्नच्या हाउसची, म्हणजे तो सांभाळत असलेल्या वसतिगृहाची, मेट्रन. पोरांचे ताप, पोरांचे मोजे, मास्तरांचे कपडे, सगळं तिच्याकडे. तीस वर्षं. रेडफर्नची आई याच शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची आणि पोरगं वरच्या वर्गात स्कॉलरशिपवर शिकायचं, तेव्हापासून नोरा त्याला ओळखत होती. तेव्हा पोरं त्याच्या बिछान्यात उरलेलं पुडिंग ओतायची. चादर नोराच बदलायची.

"मला एक बघू द्या," नोरा म्हणाली.

"मेट्रन, हे तुमचं काम नाही," लिजेट म्हणाले.

"त्यांच्या हाउसमधला खण आहे ना सर? मग खणातलं सगळं माझ्या कामातच येतं."

होल्रॉईडनी हातानंच 'बघ' केलं.

पुस्तक नवीनच म्हणायचं. जुनं पुस्तक भरलं तेव्हा ते काउंटीच्या म्युझियममध्ये गेलं, आणि हे होल्रॉईड हेड झाले तेव्हा सुरू झालं. पहिल्याच पानावर वरती त्यांचं नाव आणि अठरा वर्षांपूर्वीची तारीख. मग एक ओळ रिकामी. मग वेन रेडफर्न, आणि आजची तारीख.

"ही मधली ओळ रिकामी का?" नोरानं विचारलं.

"ती माझी," होल्रॉईड म्हणाले. "जाताना मी तिथे सही करतो. आधी जाणारा, मग येणारा. जुन्या पुस्तकातही तसंच होतं."

"अच्छा," नोरा म्हणाली, आणि पुस्तक मिटलं.

"दवावरची वाटही बघून घ्या," लिजेट म्हणाले. "म्हणजे शंका राहणार नाही."

सगळे खिडकीपाशी गेले. खाली चौक. चौकात हिरवळ. त्या हिरवळीवर पाय ठेवायचा हक्क एकाच माणसाला, हेडला. बाकी सगळे, ट्रस्टीसुद्धा, दगडी वाटेनं फिरून जातात. नवीन पोरगं चुकून गवतावर गेलं तर त्याला आठवडाभर चिडवतात. आज दवावर पावलांची एक काळी रेघ होती. चॅपलच्या दारापासून सरळ रेडफर्नच्या हाउसच्या दारापर्यंत.

"बघा," लिजेट म्हणाले. "पुस्तक काखेत मारून थेट हेडच्या वाटेनं. राजाच झाला जणू."

नोरा मात्र रेघेच्या मधोमध बघत होती. तिथे रेघ तुटली होती. हातभर रुंद वाटोळा डाग होता, गवत पार दबलेलं.

"दहापर्यंत वेळ द्या मला," ती होल्रॉईडना म्हणाली.

"कशाला?"

"ट्रस्टींना खरं सांगायला तुम्हाला आवडेल म्हणून."

होल्रॉईडनी घड्याळाकडे बघितलं. नोरानं ते हो धरलं.

पहिला माळी. येलंड. चौकाच्या कडेला उभा राहून डागाकडे असा बघत होता जणू त्याच्या कुत्र्यावर गाडी गेली.

"गवत कधी कापलंस?"

"काल संध्याकाळी. चहाच्या आधी. आज समारंभ ना."

"कापलेलं उचललंस?"

"मोठं मोठं उचललं. बारीक तसंच राहिलं. दव पडलं की चिकटतं ते. हे बघ." त्यानं बूट वर करून दाखवला. "कोण होता तो? मला नाव सांग फक्त."

"सांगते. अकरानंतर."

दुसऱ्या पाद्रीणबाई, जोन पीस्कॉड. तीन वर्षांपूर्वी आलेल्या. सकाळपासून रडून रडून नाक लाल.

"पेटीच्या किल्ल्या किती?"

"तीन. हेड, डेप्युटी आणि मी. माझी गळ्यातच असते. ही काय."

"पुस्तक कधी उघडून बघितलंत?"

"देवा शप्पथ, कधीच नाही! मी बाहेरून काच पुसते फक्त. आत बघायची पद्धत नाही ना. मेट्रन, सगळे म्हणतायत किल्ली मी रेडफर्नला दिली."

"कोण म्हणतंय?"

"लिजेटसाहेब म्हणाले, लोक म्हणतायत."

"लोक म्हणजे तेच," नोरा म्हणाली. "नाक पुसा."

तिसरा रेडफर्न. कपडे न बदलता आपल्या खोलीत बसला होता. समोरच्या चहावर साय आली होती.

"वेन, तुला कोणी सांगितलं होतं का सही कशी करायची?"

"नाही. डेप्युटी ऐन वेळी कानात सांगतात म्हणे. टिपकागद घेऊन शेजारी उभे असतात, तेव्हा."

"तू पुस्तक आतून पाहिलंस कधी?"

"विद्यार्थी होतो तेव्हा काचेला नाक लावून बघितलं होतं, तेही मिटलेलं. लिजेट सरांनी कानफटात मारली होती." त्यानं चहाचा कप बाजूला सारला. "मेट्रन, ते म्हणतायत मी स्वतःहून नाव मागे घेतलं तर कोणाला काही सांगणार नाहीत. हाउस माझ्याकडे राहील. कागद लिहून तयार ठेवलाय त्यांनी, नुसती सही हवी."

"कोण म्हणतंय?"

"लिजेट सर."

"मग हेड कोण होणार?"

"ट्रस्टी दुसरा शोधेपर्यंत ते बघतील म्हणे."

नोराच्या कपाळाची शीर उडायला लागली. "त्या कागदाला बोट लावलंस ना, तर तुझ्या आईची शपथ, मी तुला या वयात झोडपीन."

शेवटी लिजेट. लायब्ररीच्या वर त्यांच्या दोन खोल्या. एकटा माणूस. भिंतीवर शाळेचे फोटो, दर वर्षाचा एक, आणि प्रत्येकात लिजेट हेडच्या उजव्या हाताला.

"बसा मेट्रन. चहा?"

"नको सर. तुम्ही सहा ते सात कुठे होता?"

"इथेच. चहा पीत. पीस्कॉडबाईंनी बोंब मारली तेव्हा खाली आलो. दगडी वाटेनं, अर्थातच."

"हाच तपकिरी सूट होता?"

"हाच. समारंभाचा करडा आहे ना, तो तुमच्याकडेच इस्त्रीला." ते हसले. "काय हो, मला पकडायला आलात की काय?"

"नाही हो सर. सगळ्यांनाच विचारतेय."

"तुमचा फार जीव त्या पोरावर. मी समजू शकतो. पण खरं सांगा, हेडच्या पाटीवर सोन्याच्या अक्षरांत 'वेन' बघायला बरं वाटेल? वेन! पेट्रोल पंपावर असतात त्या नावाची माणसं."

नोरा उठली. थेट कपड्यांच्या खोलीत गेली. खुंटीवर करडी पॅंट होती, आठ वाजता आलेली. काल संध्याकाळी तिनंच ती इस्त्री करून, कागदात गुंडाळून वर पाठवली होती. आज परत आली होती, आणि पायाशी ओली होती.

तिनं खालची दुमड उलटी केली, बघितली, आणि पॅंट तशीच हातावर टाकून हेडच्या खोलीकडे निघाली.

दहा वाजता होल्रॉईडच्या खोलीत होल्रॉईड, लिजेट आणि रेडफर्न बसले. नोरा उभीच राहिली, बसून तिला बोलता येत नसे.

"सर, चोराला घाई असते," ती म्हणाली. "पुस्तक काखेत, कधीही कोणी खिडकीत येईल. असा माणूस धावत सुटेल. हा मधोमध थांबला. मी वरून बघितलं, तिथलं गवत पार बसलंय. पाच मिनिटं तरी उभा होता. फिरला, इकडे तिकडे बघितलं, परत उभा राहिला. का?"

"तू सांग," होल्रॉईड म्हणाले.

"कारण त्याला तिथे उभं राहायचं होतं. रेडफर्नला काय गरज? उद्यापासून रोजच चालायचंय त्याला. तुम्हाला काय गरज? तुम्ही अठरा वर्षं चालताय, आता तर गुडघा दुखतो म्हणून टाळता. ज्याला परत कधीच मिळणार नाही, तोच असा उभा राहतो."

"हा पुरावा नाही," लिजेट म्हणाले. "ही कादंबरी आहे."

"मग सहीवर येऊ. ज्याला हेड व्हायची इतकी घाई, की हेड जायच्या आधी सही ठोकतो, तो जाणाऱ्या हेडसाठी ओळ सोडेल? आणि सोडायची असते हे कळणार कसं? या पुस्तकात एकच नाव आहे. जुनं पुस्तक इथे नाही. रेडफर्नला कोणी सांगितलेलं नाही. पीस्कॉडबाईंनी पुस्तक उघडलेलंच नाही. त्या ओळीबद्दल दोन माणसांना माहीत. अठरा वर्षांपूर्वी ज्यानं सही केली तो, आणि जो तेव्हा टिपकागद घेऊन शेजारी उभा होता तो."

होल्रॉईडनी हळूच मान वळवली.

"लिजेट सर," नोरा म्हणाली, "तुम्ही दुसऱ्याचं नाव बुडवायला निघालात, खोटी सही केलीत, पण तुम्हाला ओळ मोडवेना. हात जाईना तिथे. मी असते तर खसकन लिहिलं असतं."

"मी माझ्या खोलीत होतो."

"करड्या सुटात होता." तिनं पॅंट टेबलावर ठेवली आणि खालची दुमड उलटी केली. बारीक ओलं गवत कागदांवर सांडलं. "काल कोरडी, इस्त्री केलेली दिली होती मी. येलंडनं हे काल संध्याकाळी कापलं. दगडी वाटेवर गवत उगवत नाही, सर. तुम्ही हेडसारखं चालायला गेलात म्हणून समारंभाचा सूट घातलात. गाऊनही घातला असणार. एकच सूट, आणि अकराला तोच घालायचा, म्हणून परत माझ्याकडे पाठवावा लागला. नेहमीसारखा. मी बघेन हे तुमच्या डोक्यातही आलं नाही. मी काय, कपडेवाली."

लिजेटनी कागदांवरचं गवत बोटानं एका बाजूला सारलं. मग ते होल्रॉईडकडे बघून बोलले, आणि आवाज त्यांचा नव्हताच.

"अठरा वर्षांपूर्वी मला वाटलं होतं, माझं होणार. तू आलास बाहेरून, एव्हरार्ड. मी टिपकागद धरला. म्हटलं ठीक, पुढच्या वेळी. आणि पुढच्या वेळी कोण? ज्याला मी लॅटिन शिकवलं तो. ज्याची आई माझ्या ताटात बटाटे वाढायची तो. परत मीच टिपकागद धरायचा? त्याच्यासाठी?" रेडफर्नकडे बघून ते जवळजवळ ओरडले. "तुला चांगलं आलंच नाही कधी लॅटिन!"

"नाही आलं, सर," रेडफर्न म्हणाला.

"तुला माझं हाउस दिलं, तू घेतलंस. माझी टीम दिली, घेतलीस. पालक येतात, तुझ्याकडे जातात. मी बाजूला उभा. फोटोत कायम बाजूला."

"ऑब्रे, पुरे," होल्रॉईड म्हणाले.

"एकच सांग मला. मग जातो. सामान आजच हलवतो, पोलिसांना बोलव नाहीतर नको बोलवू. फक्त सांग. ट्रस्टींच्या यादीत मी त्याच्या खालोखाल होतो ना? किती मतांनी गेलं?"

होल्रॉईडनी चष्मा काढला. पुसला. परत घातला नाही.

"यादीत चार नावं होती," ते म्हणाले. "तुझं नव्हतं. कोणी सुचवलंच नाही, ऑब्रे. दोन्ही वेळेला."

लिजेट टेबलावरची आपली पॅंट उचलायला गेले, उचलली, नीट घडी घालायला लागले, आणि ती घडी काही केल्या जमेना.

खाली मोटारी यायला लागल्या होत्या. ट्रस्टी.

नोरा रेडफर्नकडे वळली. "ऊठ. अंघोळ कर. तुझा वास येतोय."

तो उठला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि लिजेटकडे बघत काहीतरी म्हणणार होता.

"नको," नोरा म्हणाली. "आज नको. जा."